चवळीखाऊ

"हॅलो, हॅलो! आवाज येतोय का?"

त्येमोको त्राओरेनं भोंगा तोंडाशी धरून विचारलं. सेगूच्या सोमवारच्या बाजारात या प्रश्नाचं उत्तर देण्याची खरं तर कोणाला गरज नव्हती. आवाज पार जोलिबा नदीच्या काठापर्यंत, नावा ओढून ठेवल्या होत्या तिथवर गेला होता. पण सुकटवाल्या न्येले द्यारानं गप्प बसायचं ठरवलं असतं, तर त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला असता.

"आवाज येतोय रे, पण त्याच्याआधी वास येतोय!" ती आपल्या टोपल्यांमागून ओरडली. "रोज्याचे दिवस आहेत मेल्या! पहाटे उठून किती चवळ्या हाणल्यास? अख्खा बाजार घमघमतोय!"

बाजार हसला. कोरड्या ओठांनी, पण हसला.

"तू सुकटीच्या टोपलीत बसून दुसऱ्याचा वास काढतेस?" त्येमोकोनं भोंग्यातूनच उत्तर दिलं. "लोकहो, ही बाई आमच्या घरची मोलकरीण. माझ्या आजोबांनी हिच्या आजोबांना एका चवळीच्या शेंगेला विकत घेतलं होतं."

"शेंग तुझ्या आजोबांनीच खाल्ली, म्हणून व्यवहार मोडला!"

आता मात्र मीठवाला, बाजरीवाल्या, सायकल धरून उभा असलेला टपालवाला, सगळेच हसले. बालांझानच्या झाडाच्या सावलीत टेबलामागे बसलेला बँकेचा तरुण अधिकारी युबा सांगारे तेवढा अस्वस्थ होऊन घड्याळ बघत होता. तो राजधानीहून, बामाकोहून आला होता, पण त्यालाही हे थांबवता आलं नसतं. त्राओरे आणि द्यारा या दोन कुळांचं थट्टेचं नातं. ते कोणी ठरवलं हे कोणाला माहीत नाही, पण मोडलेलं कोणी पाहिलं नाही. द्यारानं त्राओरेला वाटेल ते बोलावं, त्राओरेनं ते मुकाट गिळून दुप्पट परत करावं. या नात्यात राग नाही, अबोला नाही, मानपान तर मुळीच नाही. न्येले आणि त्येमोको चाळीस वर्षं एकमेकांना चवळीखाऊ म्हणत आले होते. त्येमोकोची बायको कादिया गेली तेव्हा तिच्या मयतीला न्येलेनं येऊन, "आता तुला चवळ्या शिजवून घालणार कोण रे?" असं विचारलं होतं, आणि तीन दिवस न रडलेला तो माणूस तेव्हा रडला होता.

आज मात्र त्येमोकोला भोंगा तोंडाशी धरायचाच नव्हता.

चार दिवसांपूर्वी सरकारी कचेरीतून निरोप आला. देशाचं नाणं बदलतंय. मालीचा फ्रँक बंद, पुन्हा फ्रेंचांच्या काळातला जुना सेफा सुरू. मालीचे दोन फ्रँक द्यायचे, एक सेफा घ्यायचा. लोक घाबरलेत, घरातल्या नोटा बाहेर काढत नाहीत, तेव्हा कोणीतरी ओळखीच्या आवाजानं समजावलं पाहिजे. साहेब म्हणाले, "त्राओरे, बासष्ट साली दवंडी तुम्हीच दिली होती ना? लोकांना तुमचा आवाज पाठ आहे."

"साहेब, घसा बसलाय," त्येमोको म्हणाला होता.

"सोमवारपर्यंत उठेल," साहेब म्हणाले.

बावीस वर्षांपूर्वी हा घसा बसत नव्हता. तेव्हा त्येमोको छत्तीस वर्षांचा होता, कचेरीत कारकून आणि पक्षाचा गावातला वक्ता. देश नुकता स्वतंत्र झालेला. एक जुलै बासष्ट. याच बालांझानच्या झाडाखाली, एका उलट्या उखळावर उभं राहून त्यानं भाषण केलं होतं. "दुसऱ्याच्या घरात पाडलेलं नाणं म्हणजे दुसऱ्याची विहीर! तो म्हणेल तेव्हा पाणी भरायचं, तो नाही म्हणाला की तहानेनं मरायचं. आजपासून विहीर आपली! प्रत्येकानं आपली घागर आणून हिच्यात ओता. एकाला एक, एका फ्रँकचंही नुकसान नाही!" माणसं टाळ्या वाजवत होती. बायका तोंडावर हात आपटून आनंदाचा कल्लोळ करत होत्या. आणि त्येमोको खोटं बोलत नव्हता. त्याला ते शब्द न् शब्द पटलेले होते, आजही पटतात. हीच तर खरी अडचण होती. माणूस लबाड असला की त्याला लाज कमी वाटते.

त्या दिवशी पहिली घागर ओतली न्येलेनं. कमरेच्या गाठीतून बावन्न हजार सेफा काढून टेबलावर ठेवले. सात वर्षांची सुकट होती ती. तिचा नवरा द्रामान दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारायचा, आणि दोघांना स्वतःची नाव करायची होती. "घे रे चवळीखाऊ," ती म्हणाली होती, "तू म्हणतोस म्हणून देतेय. बुडाले तर तुझ्या पोटावर पाय देऊन काढीन."

त्येमोकोच्या घरात तेव्हा अडतीस हजार होते. बापाच्या बैलांचे. त्यातले आठ हजार त्यानं सगळ्यांच्या देखत, छाती फुगवून भरले. उरलेले तीस हजार एका डब्यात घालून कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरले.

कादिया खड्ड्याकडे बघत उभी होती. "बाहेर लोकांना सांगतोस एक, आणि इथं?"

"अडीअडचणीला असावेत थोडे," तो म्हणाला. "सगळेच ठेवतायत."

"सगळे ठेवतायत, पण उखळावर सगळे नाही चढले," ती म्हणाली, आणि कोंबड्यांना आत हाकललं.

पुढं जे झालं ते सेगूला सांगायला नको. नावेचं लाकूड सीमेपलीकडून यायचं, आणि सीमेपलीकडे मालीची नोट कोणी हातात धरीना. सुतार म्हणायचा, सेफा आणा. न्येलेकडे सेफा नव्हते, ते तिनं विहिरीत ओतले होते. ती म्हणायची, थांबू या, नवं नाणं आहे, रुळेल. पाच वर्षं थांबली. सदुसष्ट साली सरकारनंच आपल्या फ्रँकची किंमत अर्धी केली, आणि न्येलेच्या गाठीत नाव राहिली अर्धी.

त्याच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, त्येमोकोनं खुराडं उकरलं. सीमेपलीकडच्या बोबोहून येणाऱ्या ट्रकवाल्याला सेफा दिले, आणि चौदा पत्रे घरावर घालायला आणले. पत्रे उतरवायला मदतीला आला द्रामान. दोन-दोन पत्रे डोक्यावर घेऊन त्यानं ते ट्रकपासून अंगणापर्यंत वाहिले. घाम पुसत त्यानं विचारलं, "हे सेफाशिवाय मिळत नाहीत म्हणतात. तुला कुठनं मिळाले रे?"

"बोबोला चुलतभाऊ आहे ना माझा. त्यानं पाठवले."

द्रामान पत्र्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "असा एखादा भाऊ मलाही पाहिजे होता."

महिन्याभरात तो सेफा कमवायला आबिजानला गेला. दोन वर्षं पैसे आले, मग एक निरोप आला, मग काही नाही. न्येले अजून धड विधवाही नाही आणि सवाष्णही नाही, अशीच सुकट विकते. थट्टेत तिनं कधी नवऱ्याचं नाव काढलं नाही, आणि त्येमोकोनंही काढलं नाही.

सोळा वर्षांत ते छत एकदाही गळलं नाही. पावसात शेजारणी कादियाच्या घरात येऊन बसायच्या, न्येलेसुद्धा. "चवळीखाऊच्या घरात चवळ्या वाजतायत बघ वर," ती म्हणायची. सगळ्या हसायच्या. कादिया तेवढी कधी वर बघायची नाही.

"चाचा, सुरू करा," युबा सांगारे म्हणाला. "ऊन चढतंय."

त्येमोकोनं कागद उघडला. "सेगूच्या नागरिकांनो, आपल्या घरातले मालीचे फ्रँक घेऊन या. दोनाला एक या दरानं तुम्हाला सेफा मिळतील. घाबरू नका. भाव पण त्याच हिशोबानं अर्धे होतील..."

"म्हणजे चवळी पण अर्ध्या भावात?" न्येले.

"हो."

"मग तुझी चैन आहे बाबा!"

हशा झाला, पण टेबलाकडे कोणी सरकलं नाही. बाजरीवाल्या पदरांच्या गाठी मुठीत धरून उभ्या होत्या. एक म्हातारा धनगर म्हणाला, "अर्धे होणार म्हणजे नक्की होणार ना? का फक्त आमच्या नोटाच अर्ध्या होणार?" युबानं त्याला फळ्यावर आकडे लिहून दाखवले. म्हातारा फळ्याकडे न बघता त्येमोकोकडे बघत होता. कारण आकडा कोणीही लिहितो, आवाज एकाच माणसाचा असतो.

मग न्येले टोपल्या सोडून पुढं आली. कमरेवर हात ठेवून भोंग्याच्या समोर उभी राहिली. चेहऱ्यावर अजून थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती.

"मला एवढं सांग, चवळीखाऊ. हा नवा सेफा करतं कोण?"

"सात देश मिळून. त्यात आता आपण."

"आणि छापतं कोण?"

त्येमोकोनं युबाकडे बघितलं. "छपाई फ्रान्सला होते," युबा हळूच म्हणाला. "आणि हमी त्यांचीच आहे. म्हणून तर पक्की आहे."

"म्हणजे त्याच घरात!" न्येले लोकांकडे वळली. "बासष्टला हा गडी उखळावर चढून म्हणाला, दुसऱ्याची विहीर नको, विहीर आपली पाहिजे. मला पटलं. मी ओतलं. आता म्हणतो, दुसऱ्याची विहीर बरी, पाणी पक्कं आहे. तेही पटेल, मी काय, अडाणी बाई आहे. पण मग मधली बावीस वर्षं आपण काय करत होतो रे? भातुकली खेळत होतो? तेव्हा खोटं होतं का आता खोटं आहे? पैसा करायचा तरी कोणी?"

कोणी हसलं नाही. घाटावर कोणीतरी धुणं आपटत होतं ते ऐकू आलं.

युबा खुर्चीतून वाकून पुटपुटला, "चाचा, सांगा की तेव्हाच्या सरकारनं जास्त नोटा छापल्या, उधळपट्टी झाली. संपलं."

ते उत्तर तयार होतं, आणि त्यात खोटंही फारसं नव्हतं. भोंग्यात तेवढं बोललं की झालं असतं. लोकांनी माना डोलावल्या असत्या, कारण सरकारला शिव्या घालायला कोणाचं काय जातं? पण त्येमोकोला ते बोलवेना. रोजा होता. पहाटे रोज्याचा संकल्प करताना आज तोंडातून खोटा शब्द जाणार नाही असं म्हटलं होतं, आणि न्येले दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्या कमरेला तीच जुनी गाठ होती. त्यानं भोंगा दोन्ही हातांनी धरला.

"विहीर आपलीच होती, न्येले," तो म्हणाला. आवाज भोंग्यातून गेल्यामुळे अख्ख्या बाजारानं ऐकला. "खोटं नव्हतं ते. पाणी आपणच ओतायचं होतं. तू ओतलंस. मी नाही ओतलं."

"आँ?"

"आठ हजार भरले, तीस हजार खुराड्याखाली पुरले. वर उभा राहून तुम्हाला सांगत होतो, आणि खाली माझ्या कोंबड्या सेफावर अंडी घालत होत्या."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मीठवाल्याला कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, आणि तो मांडीवर थाप मारून हसला. "खुराड्याखाली! अरे बापरे! त्राओरेची कोंबडी सेफा घालते!"

आणि बाजार हसत सुटला. थट्टेच्या नात्यात माणूस स्वतःलाही शिव्या घालतो, समोरच्याला दुसरा टोला देता येऊ नये म्हणून. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं काय डाव टाकला! न्येलेला निरुत्तर केलं! ती पण हसत होती. हात वर करून ओरडली, "बघा, बघा! मी म्हणत नव्हते, चवळीखाऊ नुसता खादाड नाही, चोर पण आहे!"

"चोर आहे," त्येमोको म्हणाला. "खरंच सांगतोय."

लोक आणखी हसले.

"अल्लाची शपथ, रोज्यात सांगतोय. त्या पैशांतून पत्रे आणले. बोबोहून, चौदा पत्रे. बोबोला मला चुलतभाऊ नाही. कधीच नव्हता."

टपालवाला डोळे पुसत होता. धनगर म्हातारा हसून हसून काठीवर वाकला होता. "चौदा!" कोणीतरी म्हणालं. "आकडा पण ठेवलाय बघा लक्षात!" त्या हशात एकच हसू मध्येच थांबलं. न्येलेचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं, हात वर होते ते हळूहळू खाली आले. चौदा पत्रे कोणाच्या डोक्यावरून गेले होते ते तिथं फक्त दोघांना माहीत होतं. बोबोच्या चुलतभावाची गोष्टही द्रामाननं घरी येऊन तिलाच सांगितली असणार. ती त्येमोकोकडे बघत राहिली. त्येमोकोला वाटलं, आता ही पोटावर पाय देईल. द्यावा. बासष्टला कबूल केलं होतं तिनं.

पण ती वळली आणि आपल्या टोपल्यांकडे गेली.

गंमत बघा, त्या हशानं काम केलं. बाजाराची भीती मोडली. जो माणूस भरबाजारात स्वतःची अशी टिंगल करतो तो आपल्याला काय फसवणार, असं लोकांना वाटलं असावं. गाठी सुटल्या. रांग लागली. युबा खूश होऊन म्हणाला, "चाचा, तुम्ही बामाकोला पाहिजे होतात. एवढं भाषण मला जन्मात जमलं नसतं." त्येमोको झाडाच्या खोडाला टेकून बसला होता. बावीस वर्षं उराशी बाळगलेली गोष्ट त्यानं भोंग्यातून सांगितली होती, आणि गावानं ती विनोद म्हणून घरी नेली होती. आता ती कोणाला पुन्हा सांगायची सोय राहिली नव्हती. सांगितली तर लोक म्हणणार, हो हो, ती कोंबडीची ना?

दुपारी न्येले रांगेत आली. पुढच्या बायका तिला ढकलत म्हणत होत्या, "जा ना, काढ त्याची! अजून गप्प कशी तू?" टेबलाशी येऊन तिनं गाठ सोडली, नोटा ठेवल्या, युबानं दिलेले सेफा घेतले. नव्या नोटेवर तिनं एकदा बोट फिरवलं. मग परत जाताना ती झाडाखाली थांबली.

त्येमोको धडपडत उभा राहिला. त्याला ती शिवी हवी होती. चाळीस वर्षांत कधी नव्हती इतकी हवी होती.

"दिवस बरा गेला ना, त्राओरे?" ती म्हणाली.

परक्या माणसाला, गावात नव्यानं आलेल्या पाहुण्याला विचारतात तसं. त्येमोकोला तोंडात मारल्यासारखं झालं. पण अशा विचारपुशीला उत्तर द्यावंच लागतं.

"बरा गेला," तो म्हणाला.

"घरची माणसं बरी आहेत?"

"बरी आहेत."

"मुलं बरी?"

"बरी आहेत. न्येले, ऐक. ते पत्रे मी उतरवतो. उद्याच उतरवतो. तुझ्या घरावर..."

"राहू द्या," ती म्हणाली. "पावसाचे दिवस आलेत. तुमचे हाल होतील." मग रीत असते तसं शेवटचं बोलली, "अल्ला तुमचा रोजा कबूल करो," आणि मान थोडी लववून गेली.

रांगेतल्या बायकांना वाटलं, हीसुद्धा थट्टाच. द्यारा बाई त्राओरेला मान देतेय म्हणजे केवढा टोमणा! त्या खिदळल्या. त्येमोको ती टोपल्यांपर्यंत जाईस्तोवर बघत उभा होता. त्या पाठीत राग दिसला असता तर त्याला तेवढंच बरं वाटलं असतं. तो दिसला नाही.

ऊन कललं तेव्हा युबानं कागदपत्रं आवरली आणि भोंगा त्याच्या हातात दिला. "शेवटचं तेवढं सांगा चाचा. उद्या सकाळी आठला पुन्हा."

त्येमोकोनं भोंगा तोंडाशी धरला. सुकटीच्या टोपल्या त्याच्या बरोबर समोर होत्या. सवयीनं त्यानं आधी तेच विचारलं.

"हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

बाजार हसायच्या तयारीत न्येलेकडे वळला.

"येतोय, त्राओरे," ती टोपलीवर फडकं झाकत म्हणाली. "बोला तुम्ही."